मंडळी : मराठी ख्रिस्ती साहित्यातील घर, उपासना आणि धीर

१

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपल्या समीक्षेची दृष्टी बहुधा एकाच क्षणावर खिळलेली असते. तो क्षण धर्मांतराचा. बाबा पद्मनजी (१८३१–१९०६), पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ही नावे उच्चारली की त्यांनी धर्म का बदलला, कुटुंबाने आणि समाजाने त्यांना कसे वागविले, हेच प्रश्न प्रथम पुढे येतात. हे प्रश्न गैर नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मांतराने महाराष्ट्राच्या समाजजीवनात जी खळबळ उडविली, ती पाहता ते अटळही होते. परंतु धर्मांतर हा एका दिवसाचा प्रसंग असतो. श्रद्धा त्यानंतरच्या हजारो दिवसांत जगावी लागते. चूल पेटवावी लागते, मुलांची आजारपणे काढावी लागतात, अपुऱ्या पगारात महिना पुरा करावा लागतो, आणि ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही, कालपर्यंत ज्यांच्या हातचे पाणीही चालत नव्हते, अशांच्या शेजारी रविवारी बसून एका सुरात गावे लागते. या दिवसांचे साहित्य कोणते आणि त्यात श्रद्धेचे रूप कसे उमटते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला आहे. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे.

बंगळूरमध्ये राहून मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न एका वेगळ्या बाजूनेही जाणवतो. हे शहर भारतीय ख्रिस्ती विचाराचे एक मोठे केंद्र आहे. युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज येथे १९१० साली स्थापन झाले. धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या ख्रिस्ती संस्थेने १९५७ पासून येथूनच भारतीय ख्रिस्ती चिंतनाची पुस्तके सिद्ध केली आणि त्या मालेत १९७९ साली पी. एस. जेकब यांचा टिळकांवरील इंग्रजी अभ्यास आला. त्याआधी रॉबिन बॉइड यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मविचाराची ओळख करून देणाऱ्या आपल्या १९६९ च्या ग्रंथात टिळकांना स्थान दिले होते. येथील अभ्यासकांच्या दृष्टीने टिळक हे भक्तिमार्गाने ख्रिस्ताकडे गेलेले चिंतक आहेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशा आशयाचा टिळकांचा जो उद्गार सांगितला जातो, तो या अभ्यासाचे जणू ब्रीदवाक्यच झाला आहे.

इकडे मराठी साहित्यसमीक्षेचे टिळक निराळे आहेत. ते फुलामुलांचे कवी आहेत, केशवसुतांचे समकालीन आहेत आणि आधुनिक कवितेच्या उष:कालातील एक मृदू स्वर आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’चा गौरवही आपण केला, तो तिच्यातील निर्मळ विनोदासाठी, घरगुती भाषेसाठी आणि निष्कपट कथनासाठी. या गौरवात अतिशयोक्ती नाही. मात्र तो करताना आपण त्या पुस्तकातील श्रद्धेला पार्श्वभूमीचे स्थान दिले. श्रद्धा ही लेखिकेची खाजगी बाब आणि विनोद हा तिचा वाङ्मयीन गुण, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली. धर्मचिंतकांना टिळकांचा विचार दिसला, तो ज्या घरात कसाला लागला ते घर दिसले नाही. साहित्यिकांना घर दिसले, पण ते घर कशाच्या आधारावर उभे होते हे त्यांनी विचारले नाही.

२

या दोन वाचनांतील अंतर ओलांडण्यासाठी मराठी भाषेनेच एक शब्द आपल्या हाती ठेवलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘मंडळी’.

मराठी पवित्र शास्त्रात आणि मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात, श्रद्धावंतांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. इमारत ते देऊळ. त्यात जी होते ती उपासना. ती चालवितो तो पाळक. आणि जिच्यासाठी हे सारे असते ती मंडळी. इंग्रजीत वास्तू आणि समुदाय या दोहोंना ‘चर्च’ हा एकच शब्द पुरतो. प्रॉटेस्टंट मराठीने मात्र ही दोन अंगे वेगळी ठेवली. त्यासाठी तिने निवडलेला शब्द शास्त्री-पंडितांच्या कोशातला नव्हता, ओसरीवरचा होता. आपल्या नित्याच्या मराठीत घरची माणसे म्हणजे घरची मंडळी, पाहुणे आले म्हणजे मंडळी जमली, पंगतीला बसली तीही मंडळीच. जुन्या वळणाच्या मराठीत तर गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करीत. बायको, कुटुंब, गोतावळा, पंगत आणि उपासक समुदाय या सर्वांना कवेत घेणारा असा हा शब्द आहे. धर्मसमुदायाला तो लावला गेला तेव्हा, भाषांतरकारांचा हेतू काहीही असो, घर आणि देऊळ यांच्यातील उंबरठा भाषेपुरता तरी नाहीसा झाला.

हीच गोष्ट दुसऱ्या एका शब्दाबाबत दिसते. नव्या करारातील पत्रांमध्ये मंडळीने एकमेकांसाठी जे करावे असे वारंवार सांगितले आहे, त्याला मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. त्या एका शब्दासाठी मराठीला प्रसंगाप्रसंगाने बोध, सांत्वन, उत्तेजन असे निरनिराळे शब्द वापरावे लागले. चुकणाऱ्याला बोध हवा, रडणाऱ्याला सांत्वन हवे आणि थकलेल्याला उत्तेजन हवे, हा भेद मराठी भाषेला मोडवला नाही. पण या तिन्हींच्या तळाशी बोलीमराठीत आणखी एक शब्द आहे, ‘धीर’. तो धरावा लागतो, सुटतो, खचतो आणि मुख्य म्हणजे देता येतो. ‘धीर धर’ म्हणताना आपण सहनशक्ती मागतो. ‘धीर कर’ म्हणताना धाडस मागतो. ज्या साहित्याचा आपण विचार करीत आहोत त्याचे मर्म या शब्दात आहे. श्रद्धा म्हणजे काय याचे उत्तर ते साहित्य सिद्धान्ताने देत नाही. कोणी कोणाला, केव्हा आणि कशाने धीर दिला, हे सांगून देते.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आरंभापासून हा धागा आहे. साष्टीतील फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे काव्य मराठी भाषेच्या स्तुतीमुळे आपल्या पाठ्यक्रमांत शिरले आणि तेवढ्याच भागापुरते पुष्कळदा तिथे राहिले. पण त्याची निर्मिती ज्या गरजेतून झाली ती अधिक बोलकी आहे. पूर्वीची पुराणे हातातून गेली, तर मग नवख्रिस्ती कुटुंबांनी एकत्र बसून ऐकावे काय, ही ती गरज होती. ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ती नवख्रिस्ती माणसाच्या तोंडून व्यक्त झाली आहे. ज्यांचे श्रवणसुख हिरावले गेले त्यांना काही परत देणे, हा या पुराणाचा हेतू होता. ते देणाऱ्यांच्याच सत्तेने आधीचे हिरावले होते, ही विसंगती समीक्षकाने झाकू नये. तरीही हे काव्य समूहाने ऐकण्यासाठी रचले गेले, आणि ऐकणारा समूह ही त्याची पहिली अट होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या ओवीची लय कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा समूह मागे पडतो आणि एकटी व्यक्ती पुढे येते. बेळगावात जन्मलेल्या आणि तेथेच १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत यमुना आणि विनायक हे जोडपे आहे. नवराबायकोने धर्माविषयी व स्त्रियांच्या दु:खाविषयी बरोबरीने बोलावे, हे तिथले चित्र त्या काळाच्या मानाने धीट आहे. पण लेखकाचा डोळा विधवांच्या स्थितीवर आणि मतप्रतिपादनावर असल्यामुळे त्या दोघांचा संसार आपल्याला दिसत नाही. त्यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचे शीर्षकच काय सांगते ते पाहावे. अरुणोदय झाला, पुढे दिवस कसा गेला, उन्हे कशी तापली, हे त्या शीर्षकाच्या कक्षेत येत नाही. निवेदनाचा सारा ओघ एका निर्णयाकडे वाहतो. पंडिता रमाबाईंनी ‘साक्ष’ हा प्रकार स्वीकारला. साक्ष देणाऱ्याला ईश्वराने आपल्यासाठी काय केले ते सांगावयाचे असते. स्वत:च्या दिनचर्येला तिथे फारसा वाव नसतो. कर्नाटकातील अरण्यात जन्मलेल्या या विदुषीने केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार स्त्रियामुलींचे घर उभे केले. पण त्या घरातील भांडीकुंडी, रुसवेफुगवे आणि समजुती तिच्या साक्षीत शोधू नयेत. तो त्या वाङ्मयप्रकाराचा धर्म नव्हे.

३

हा दिवस प्रथम लिहिला तो लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या निधनानंतर शेवटच्या भागाची सिद्धता पुत्र देवदत्त यांनी केली. पुढे साहित्य अकादेमीने त्यांनीच संपादित केलेली संक्षिप्त आवृत्ती काढली. इंग्रजीत जोसेफीन इन्कस्टर यांचे भाषांतर १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने आले आणि १९५६ साली त्याचेच छोटे रूप ‘फ्रॉम ब्रह्म टू क्राइस्ट’ या नावाने आले. या दोन नावांकडे पाहिले तरी वाचनाची दिशा उमगते. पहिल्यात पतीच्या मागून चालणारी पत्नी आहे आणि दुसऱ्यात एका धर्मातून दुसऱ्या धर्मात झालेला प्रवास आहे. लेखिकेने दिलेल्या नावात मात्र प्रवास नाही आणि अनुयायित्वही नाही. आहेत ती चित्रे. २०१७ साली शांता गोखले यांनी नवे इंग्रजी भाषांतर करताना ‘स्मृतिचित्रे’ हेच नाव राखले, हे उचितच झाले.

या पुस्तकाचा प्रारंभ श्रद्धेने होत नाही, भयाने होतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. मीठसुद्धा धुऊन घेणारा हा गृहस्थ वाचकाला हसवितो. परंतु हे हसू विसावत नाही, कारण त्या वेडाची किंमत घरातील बायकामुलांनी मोजली आहे. पुस्तकाच्या अगदी प्रारंभी हे चित्र यावे यात योजना असो वा नसो, अर्थ निश्चित आहे. धर्म घरात शिरला की घराचे काय होते, हा लक्ष्मीबाईंचा विषय आहे. माहेरच्या सोवळ्यात धर्म हा माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणारा होता. पुढल्या सगळ्या पुस्तकाला या पहिल्या चित्राची कसोटी लागू होते. जो धर्म माणसांना जवळ आणील तो खरा, असे विधान त्या कुठेही करीत नाहीत. त्यांचे प्रसंग ते करतात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आणि लहानगा देवदत्त नातलगांकडे राहिले. त्या काळातला बराच भाग पंढरपुरात गेला. या ताटातुटीकडे आपण टिळकांच्या धैर्याची कसोटी म्हणून पाहतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला मात्र हेही पाहावे लागते की एकाच्या धैर्याचे ओझे दुसऱ्याच्या धीरावर पडले. पतीने सत्याचा शोध घेतला, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखे आयुष्य काढणे पत्नीच्या वाट्याला आले. लक्ष्मीबाई हे दु:ख लपवीत नाहीत आणि त्याचे भांडवलही करीत नाहीत. त्या काळात त्यांना सांभाळणारी माणसे हिंदू होती, कर्मठ होती. त्यांनी दिलेला आधार लेखिका कृतज्ञतेने नोंदविते. धीर देणारे केवळ आपल्याच धर्माचे असतात असा कोता समज या पुस्तकाला नाही, हे त्याच्या थोरवीचे एक गमक आहे.

काही वर्षांनी हे कुटुंब अहमदनगरास पुन्हा एकत्र आले. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या घरी आलेली ही स्त्री स्वत: ख्रिस्ती नव्हती. एका छपराखाली दोन आचार नांदू लागले, आणि टिळकांनी तिच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. संतापी, उधळ्या, लहरी म्हणून पुस्तकात शंभरदा आपल्यासमोर येणारा हा माणूस या एका बाबतीत विलक्षण धीराचा दिसतो. लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद आधी गेला, बाप्तिस्मा नंतर झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. देवाने माणसे केली, जाती कोणी केल्या, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला तो प्रवचन ऐकून नव्हे. रोजच्या पाण्याच्या, स्वयंपाकाच्या, शिवाशिवीच्या कटकटीतून उभा राहिला. धर्मशास्त्राच्या ग्रंथात ज्याला मानवाच्या ऐक्याचा सिद्धान्त म्हणतील, तो इथे घागरीपाशी सुटतो. चिंतकांनी टिळकांच्या अभंगांत जे शोधले त्याचे प्रात्यक्षिक या ओट्यावर चालले होते.

पुढे दुष्काळ आणि प्लेग आले. टिळकांच्या घरात अनाथ मुले आली, राहिली, वाढली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. हे प्रसंग लिहिताना कोणत्याही धर्मप्रचारक लेखकाला सेवेची महती गाण्याचा मोह झाला असता. लक्ष्मीबाई सांगतात ती अडचण, फजिती, पोरांचे हट्ट आणि स्वत:ची भीती. घरात आलेला पैसा टिळकांच्या हातून गरजवंतांकडे जाई आणि घरच्या गरजा तशाच राहत. याबद्दलची चिडचिडही त्या मोकळेपणाने सांगतात. औदार्याचा सत्कार समाज करतो आणि त्याचा जमाखर्च घर सांभाळते, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मराठीत पूर्वी कोणी नोंदविली नव्हती.

येथे त्यांच्या विनोदाचा विचार नव्याने करणे आवश्यक आहे. आपण तो स्वभावाचा गुण मानला, शैलीचा अलंकार मानला. माझ्या मते या पुस्तकात विनोद हे धीराचे वाहन आहे. ज्या घरात उद्याची सोय नाही, धनी केव्हा उठून चालू लागेल याचा नेम नाही, त्या घरात हसणे ही चैन नव्हती. हसू आले म्हणजे भीती आटोक्यात आली. लक्ष्मीबाई ज्या प्रसंगांवर हसतात त्यांतील बहुतेक प्रसंग मुळात रडण्याजोगे आहेत, हे ध्यानी घेतले की हे सहज उमजते. त्या स्वत:वर सर्वांत अधिक हसतात, नवऱ्यावर त्याखालोखाल, आणि दुर्बळावर कधीच नाही. हा क्रम केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही, नीतीचाही आहे. त्या पतीला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. रेव्हरंड नाही आणि त्या काळच्या रीतीचे ‘तिकडून’ही नाही. या एका संबोधनाने धर्मगुरू आणि नवरा या दोन्ही पदांवरून त्यांनी त्याला खाली उतरवून माणसांच्या पंगतीत बसविले. मंडळीत सर्वांना सारखे पान असते, हे यापेक्षा थोडक्यात कसे सांगावे?

४

लक्ष्मीबाईंच्या गद्याने जे घर दाखविले, त्याच घरातून टिळकांचे गीत देवळात गेले. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांपूर्वीच कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी कीर्तन आणि देशी चालींची गीते उपासनेत आणली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. ‘अभंगांजली’तील त्यांचे अभंग आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची गीते मराठी मंडळ्यांमधून आजही गाइली जातात. या गीतांकडे साहित्यसमीक्षेने फारसे पाहिले नाही, कारण ती प्रयोजनाने बांधलेली आहेत असे आपण मानतो. परंतु टिळकांची ‘बापाचे अश्रू’, ‘माझी भार्या’ यांसारखी कौटुंबिक कविता आणि त्यांची भक्तिगीते शेजारीशेजारी ठेवून वाचली तर एक नाते स्पष्ट होते. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारे हे गीत विठ्ठलभक्तीच्या परंपरेतून शब्द घेते, हे खरे. पण तो शब्द ज्या भावनेने भरला आहे ती या कवीच्या कुटुंबकवितेतही आढळते. ईश्वराशी असलेल्या नात्याची भाषा त्यांनी घरातल्या नात्यांकडून उसनी घेतली, आणि ती मंडळीच्या तोंडी दिली. एकट्याचा आर्जव पन्नास जणांनी गाइला की त्याचे स्वरूप पालटते. ‘मी’ असा उच्चार करतानाही शेजारच्याचा आवाज कानी येत असतो. सामुदायिक गायनातून मिळणारा धीर तो हाच.

टिळकांच्या घराच्या मंडळीत बाप्तिस्म्याची अट नव्हती याचा सर्वांत हृद्य पुरावा म्हणजे बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला हा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, पुढे टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागविले. तो ख्रिस्ती झाला नाही आणि व्हावा म्हणून त्याला कोणी धारेवर धरले नाही. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात त्याचा अंत झाला. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात बालकवींवर पुष्कळ लिहिले गेले. त्या भित्र्या, हळव्या जिवाला काही काळ निवारा आणि उमेद देणारे घर एका ख्रिस्ती पाळकाचे होते, ही गोष्ट त्या इतिहासात केवळ चरित्राचा तपशील म्हणून राहिली आहे. साहित्यनिर्मितीला ज्या धिराची गरज असते त्याचा हिशोब आपण कधी मांडला, तर हा तपशील मध्यभागी येईल.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे, अशी ती कल्पना होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत निवर्तले आणि दरबार अपुरा राहिला. धर्मचिंतकांनी या प्रयोगाचे महत्त्व ओळखले आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टिळकांच्या घरात जी गोष्ट वर्षानुवर्षे आपोआप घडत होती, तिला त्यांनी शेवटी संस्थेचे नाव दिले. विचार आधी आणि आचार मागून, असा क्रम आपण गृहीत धरतो. येथे घराने जे केले ते विचाराने मागाहून ओळखले.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ही अपुरेच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लग्नानंतर पतीकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या या स्त्रीने ६४ अध्यायांची भर घातली आणि १९३८ साली, तिच्या मृत्यूनंतर, ते काव्य प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ची बरोबरी ‘स्मृतिचित्रे’शी होणार नाही, लक्ष्मीबाईंचे खरे सामर्थ्य गद्यात आहे, असेच प्रामाणिक वाचकाला म्हणावे लागेल. पण गेलेल्या माणसाचे अर्धे राहिलेले काम, पेलेल की नाही याची खात्री नसताना, पुरे करण्यास बसणे हीसुद्धा श्रद्धेची कृती आहे. ‘स्मृतिचित्रे’ची पाने लिहिणारा हात आणि हे अध्याय लिहिणारा हात एकच होता, याची आठवण ठेवून ते काव्य वाचावे.

५

या विवेचनाला एक मर्यादा आहे आणि ती सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. टिळक दांपत्याची कथा ही ज्यांनी घर गमावले त्यांची कथा आहे. ब्राह्मण कुटुंबाला धर्मांतराने जातीचे छप्पर गमवावे लागे. पण नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्या ज्यांच्या होत्या त्या बहुसंख्य महार आणि मांग कुटुंबांना गमावण्यासारखे छप्परच नव्हते. त्यांच्यासाठी मंडळी ही ओळीने, मानाने बसण्याची पहिली जागा होती. लक्ष्मीबाईंनी घागरीपाशी जो प्रश्न सोडविला, त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला ही माणसे उभी होती. ज्यांच्या स्पर्शाची भीती बाळगली जाई ते तेच होते. त्यांच्या घरी कोणी कोणाला कसा धीर दिला याची ‘स्मृतिचित्रे’ आपल्याजवळ नाहीत. जून १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’च्या जुन्या फायली आणि गावोगावच्या देवळांत पाठ असलेली गीते यांत त्या आयुष्यांच्या खुणा शोधाव्या लागतील. दलित आत्मकथनांचे आपले वाचन पुष्कळ समृद्ध झाले असताना, या शतकभर आधीच्या मंडळ्यांकडे त्या दृष्टीने पाहणारे संशोधन फार थोडे आहे. विद्यार्थ्यांनी येथे काम करावयास हवे.

दुसरी दिशा वसईची आहे. तेथील ख्रिस्ती समाज सोळाव्या शतकापासूनचा, कॅथलिक, शेतीवाडीत रुजलेला आणि बोलीने समृद्ध. त्याच्या वाट्याला टिळकांसारखे नाट्यमय धर्मांतर नाही. श्रद्धा तिथे पिढीजात आहे आणि म्हणूनच ती सर्वस्वी घराच्या व गावाच्या व्यवहारात दिसते. १९५५ पासूनच्या ‘सुवार्ता’ मासिकाने या व्यवहाराला मराठीत व्यासपीठ दिले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा काहींनी त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून विरोध केला. २०२४ साली ते निवर्तले. त्या विरोधाचा समाचार घेणे हे या लेखाचे काम नाही. पण मराठी साहित्याच्या मंडळीत कोणाला पान मांडावयाचे, हा प्रश्न चारशे वर्षांच्या या परंपरेनंतरही विचारला जातो, याचा अर्थ आपल्या वाचनात काही राहून गेले आहे एवढे निश्चित.

काय राहून गेले आहे? ‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धा वगळून तिचा विनोद स्वीकारणे ही आपल्याला उदारता वाटली; ती खरे पाहता अर्धवट स्वीकृती होती. लेखिकेला पंगतीत घ्यावयाचे आणि तिने बरोबर आणलेले अन्न बाजूला ठेवावयाचे, असा तो प्रकार आहे. उलट, केवळ साक्षीचे पुस्तक म्हणून ते मंडळीपुरते राखून ठेवणेही तितकेच अन्यायाचे. लक्ष्मीबाईंनी ज्या बोलीत धीर दिला ती कोणा एका धर्माची भाषा नव्हती. ती माजघरातली मराठी होती. पंढरपुरात ज्यांनी त्यांना सांभाळले त्यांचीही तीच, नगरच्या पोरक्या मुलांना त्यांनी जिच्यात रागावले आणि निजविले तीही तीच. विश्वास ठेवणारा आणि न ठेवणारा, दोघांनाही ती कळते. बंगळूरच्या ग्रंथालयात इंग्रजीतून टिळकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच एकदा मूळ मराठी ‘स्मृतिचित्रे’ उघडावी. सिद्धान्त त्याला आधीच माहीत असतील. त्या सिद्धान्तांना घरात कोणती किंमत पडली आणि ती कोणी हसतमुखाने चुकविली, हे त्याला तिथेच वाचावयास मिळेल.